धोप्याला पाणी कोणतं?

मे महिन्यात घाटाखाली, शेगाव-नांदुऱ्याकडे, पारा ४५ अंशांच्या आसपास फिरतो. टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसणाऱ्या बुलढाणा जिल्ह्यात पाण्याला हपापलेलं रोप घरात लावा, असं कुणी म्हटलं तर लोक रागावतील. पण जुन्या घरांनी हा प्रश्न कधीच सोडवला होता. न्हाणीचं पाणी सांदवाडीत जिथे मुरायचं, तिथे धोपा असायचाच आणि त्याच्या बाजूला कर्दळ. बाकी महाराष्ट्र ज्याला अळू म्हणतो, तोच हा वऱ्हाडातला धोपा. त्याच्यासाठी वेगळी घागर कुणी ओतत नसे.

आता न्हाणीचा पाइप थेट नालीत जातो, अंगणात फरशी आली आणि धोपा बाजारातून जुडीने येऊ लागला. हे बदलायला हवं, आणि बदलता येतं.

पावसाळ्यात पहाटे धोप्याचं पान जवळून बघावं. टोकाला एक टपोरा थेंब लोंबत असतो. तो दवाचा नाही. मुळांनी रात्रभर ओढलेलं जास्तीचं पाणी पान टोकातून बाहेर टाकतं. वरून पाणी शिंपडलं तर मात्र मोत्यासारखं घरंगळतं आणि पान कोरडंच राहतं. चिखलात इतर रोपांची मुळं गुदमरतात. धोप्याच्या देठांत आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात, म्हणून तो तिथेही तग धरतो.

लावायला फुटकी बादली किंवा जुना टब पुरतो. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, ती इथे कामाचीच. त्यात कुजलेलं शेणखत मिसळावं, कंद दोन-तीन इंच खोल लावावा आणि टब दुपारचं ऊन टळेल अशा जागी ठेवावा. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी रोज घालावं. कपड्यांचं साबणाचं पाणी नको, पान शेवटी पोटात जाणार आहे. घाटावर, बुलढाणा-चिखलीकडे, थंडीत पानं झडली तर घाबरू नये. कंद जिवंत असतो, उन्हाळ्याच्या तोंडावर फुटतो.

खरी गोम खारपाण पट्ट्यात आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगावकडच्या गावांत भूजलच खारट. तिथे आरओ मशीन पिण्याचं पाणी देतं आणि मागे टाकलेल्या पाण्यात क्षार आणखी दाट होतात. ते फेकवत नाही, म्हणून लोक कुंडीत ओततात. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणीही तसंच; पाणी उडून जातं, मीठ तळाशी राहतं. मग कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरते, पानांच्या कडा करपतात आणि खापर मात्र उन्हावर फुटतं. ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरावं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी क्षारांशिवायचं असतं, ते खुशाल घालावं. पहिल्या चांगल्या पावसात कुंडी उघड्यावर ठेवली आणि तळाचं छिद्र मोकळं असलं, की साठलेलं मीठ बरंचसं धुऊन जातं.

कुंडीखालची ताटली मात्र आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावी. डेंग्यूचा डास तेवढ्याच पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो.

नवं घर बांधताना, घरकुलाचं असो की बंगल्याचं, स्वयंपाकघराच्या मोरीपाशी तीन बाय तीन फूट माती उघडी ठेवावी, एवढा आग्रह घरच्या बाईने गवंड्याकडे जरूर धरावा. काळ्या देठाचा कंद तिथे जूनमध्ये लावला, तर वडीची पानं श्रावणात हाताशी येतात. चिंच तेवढी विसरू नये, नाहीतर घसा खवखवतो.