वेड खेळण्यांचे

वस्तू जमविण्याची हौस कोणाला नसते? कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी जुनी नाणी, तर कोणी काडेपेट्यांवरील चित्रे. नदीकाठी गेलेले मूलदेखील मूठभर गोटे खिशात घालूनच घरी परतते. वडील माणसे या हौसेला वेड म्हणतात. परंतु मुलांनो, वेडावेडांतही फरक असतो. एक वेड माणसाला लोभी करते, तर दुसरे त्याला डोळस करते.

मला बालपणी खेळणी जमविण्याचे वेड होते. आमच्या राहुरीच्या आठवडेबाजारात जे मिळे, त्यातूनच माझा खजिना वाढला. पोळ्याचे मातीचे बैल, सुताराने घडविलेले भोवरे, रंगीत लाकडी ठकी आणि किल्ली दिली की टुणटुण उड्या मारणारा पत्र्याचा बेडूक, असा तो ऐवज होता. खेळणी किती झाली, हे मी रोज मोजत असे. मोजता मोजता नजर बारीक होत गेली. एका कुंभाराचा बैल वशिंडावरून ओळखू येई, तर दुसऱ्याचा शिंगांच्या वळणावरून. ती संख्या मी केव्हाच विसरलो. ती नजर मात्र अजून माझ्यापाशी आहे.

अशी नजर आणि उदार मन एकत्र आले, म्हणजे काय घडते, हे पाहावयाचे असेल तर पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये, बाहुल्या अशा नित्याच्या वापरातील २०,००० हून अधिक वस्तू जमविल्या. लोक ज्यांना अडगळ म्हणत, त्यांत त्यांना कारागिराचा हात दिसे. त्यांचा मुलगा राजा बालपणीच वारला. त्याचेच नाव त्यांनी संग्रहालयास दिले आणि तो सारा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या, म्हणजे तुमच्या-आमच्या, स्वाधीन केला.

कोणी म्हणेल, 'खेळणे हे खेळण्यासाठी असते. कपाटात कोंडलेला भोवरा काय कामाचा?' हे म्हणणे खरे आहे. माझी बहुतेक खेळणी पुढे घरातल्या लहानग्यांच्या हातांत मोडली. त्याचे मला दुःख नाही. खेळून मोडणे हेच खेळण्याचे सार्थक होय. परंतु सगळीच मोडली आणि ती कशी करावयाची हेही आपण विसरलो, तर मात्र मोठी हानी होईल. मोहेंजोदडो येथे सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीच्या मातीच्या खेळगाड्या सापडल्या. गाड्या उरल्या, त्या ओढणाऱ्या मुलांची नावे मात्र उरली नाहीत.

आज खाऊच्या पुड्यातूनही खेळणे निघते आणि 'पूर्ण संच जमवा' अशी जाहिरात आपल्याला मोहात पाडते. अशा वेळी काय जमवावे आणि ते केव्हा पुरे झाले, हे आपण ठरवीत नाही, विकणारा ठरवितो. म्हणून माझे मत असे की, ज्या वस्तूविषयी आपल्याला चार गोष्टी सांगता येतात, तीच खऱ्या अर्थाने आपल्या संग्रहातील वस्तू. बाकीची केवळ मोजदाद.

तुमच्या घरी एखादे जुने खेळणे असेल, तर आजी-आजोबांना विचारा: हे कोणी केले? कशाचे केले? याच्याशी कोण कोण खेळले? मिळालेली उत्तरे वहीत लिहून ठेवा. पुढच्या पोळ्याला कुंभारदादांकडून बैल आणाल, तेव्हा ते माती कशी मळतात, तेही पाहून या. बैल पावसात विरघळून जाईल. तुमची वही राहील आणि बैल घडविणे शिकलात, तर तेही राहील.