लिनॅकची सुट्टी रुग्णाला परवडत नाही

तोंडाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर रेडिएशन द्यायचे झाले, तर ते साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस असे काही आठवडे चालते. मध्ये खंड पडला, की उरलेल्या कर्करोगपेशींना वाढायला सवड मिळते. त्यामुळे यंत्र बंद पडणे ही निव्वळ तांत्रिक अडचण नसते. तो उपचारातलाच खंड असतो.

हे यंत्र म्हणजे लिनॅक, अर्थात रेषीय त्वरक. त्याचे तत्त्व झोक्यासारखे आहे. एकच मोठा धक्का देण्याऐवजी नेमक्या वेळी लहान धक्के देत राहिले, तरी झोका उंच जातो. नॉर्वेचे अभियंते रॉल्फ विडेरो यांनी १९२८ मध्ये २५ हजार व्होल्टचा दाब दोनदा वापरून कणांना ५० हजार व्होल्टइतकी ऊर्जा दिली. १९५३ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात लिनॅकने रुग्णांवर उपचार सुरू झाले.

रुग्णालयातल्या लिनॅकमध्ये तांब्याच्या पोकळ्यांची रांग असते. सेकंदाला सुमारे ३०० कोटी वेळा आंदोलन पावणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी तिच्यातून इलेक्ट्रॉनना पुढे ढकलतात. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने ते टंगस्टनवर आदळले, की क्ष-किरण निघतात. धातूच्या सरकत्या पट्ट्या या किरणांना गाठीचा आकार देतात.

ही अचूकता नाजूक असते. नळीत हवा शिरली, तर इलेक्ट्रॉनची वाट अडते. तापमान बदलले, तर तांब्याच्या पोकळ्यांचे माप किंचित बदलते आणि लहरींशी जुळलेला ताल चुकतो. म्हणून पाण्याने थंड ठेवण्याची व्यवस्था, स्थिर वीजपुरवठा आणि किरणांची मात्रा नियमित मोजणारा वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ हे तिन्ही यंत्राइतकेच आवश्यक आहेत.

लिनॅकचे उद्घाटन होते, छायाचित्रे छापून येतात. पण सुटे भाग, देखभालीचा करार आणि तंत्रज्ञांची पदे यांची तरतूद मागे राहिली, तर रुग्णाच्या वाट्याला कुलूपबंद खोली येते. मुंबईच्या पवईत ‘समीर’ या केंद्र सरकारच्या संस्थेने देशी लिनॅक विकसित केला आहे. दुरुस्तीचे ज्ञान जवळ असणे, हा अशा प्रयत्नांचा मोठा फायदा. सरकारी रुग्णालयांनी लिनॅक किती घेतले, एवढेच सांगून थांबू नये. वर्षात तो किती दिवस चालला, हेही जाहीर करावे. रुग्णाच्या दृष्टीने तोच खरा हिशेब आहे.