स्पूलच्या पोटात ब्लूटूथ

मंडळी, आज जरा कडक लिहितो आहे. घरातल्या भाचे-पुतण्यांनी राग मानू नये.

जुन्या स्पूलच्या टेपरेकॉर्डरचे पोट रिकामे करून आत ब्लूटूथ बसवायची हौस आपल्या अमरावती-अकोल्यातही पोचली आहे. पॉलिश केले, रंगीत दिवे लावले की यंत्र दिवाणखान्यात विराजमान! चाके गरगर फिरतात, गाणे मात्र मोबाइलमधले. याला म्हणे 'मॉडिफिकेशन'. मी याला मोडतोड म्हणतो.

काहून, ते सांगतो.

गाडगेबाबा आपल्या शेणगावचे. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईला वांद्र्यात त्यांचे कीर्तन झाले, त्याचे ध्वनिमुद्रण झाले. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, वलगावजवळ बाबा गेले. श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढणारी ती वऱ्हाडी बोली छापील पानावर निम्मीही उतरत नाही. ती आज नातवंडांना ऐकता येते, कारण कोणीतरी आवाज धरून ठेवला आणि पुढे कोणाजवळ तरी तो वाजवणारे यंत्र चालू होते. दुसरी गोष्ट आपण विसरतो.

"आता सगळे यूट्यूबवर आहे," असे मला ऐकवतात. तिथे कोणीतरी उतरवलेले तेवढेच आहे. तुमच्या आजोबांचे भजन, आत्याच्या लग्नातली मंगलाष्टके तिथे नाहीत. असलीच तर माळ्यावरच्या डब्यात आहेत. ती फीत पाव इंच रुंद. कॅसेटच्या यंत्रात ती जात नाही. नवे स्पूलचे यंत्र घ्यावे तर परदेशात मोजकेच लोक बनवतात, किंमत लाखांत. म्हणजे तुम्ही फोडलेले यंत्र हीच त्या डब्याची किल्ली होती!

युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये जगाला हाच इशारा दिला. फिती टिकतील, पण त्या वाजवणारी यंत्रे, सुटे भाग आणि जाणकार २०२५ च्या आसपास दुर्मीळ होतील, असा त्याचा आशय होता. ते साल आलेही.

मी बदलाच्या विरोधात नाही बरं का. चिकट झालेला रबरी पट्टा बदला. रोलर कडक झाला असेल तर नवा बसवा, नाहीतर आवाज हेलकावे खातो. वाळलेले कंडेन्सर काढा, घरघर जाईल. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. स्पीकरच्या आधीच आवाज बाहेर काढणारी तार जोडून तो संगणकात घ्या. हा खरा उपयोगी बदल. कसोटी एकच : काम झाल्यावर जुनी फीत वाजते का?

आणि जे यंत्राला हातही लावू देत नाहीत, नुसती पूजा करतात, त्यांचेही कौतुक नको. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. टिनाच्या छपराखाली त्या फितींचे काय होत असेल? यंत्र चकचकीत आणि फिती भट्टीत, ही कसली जपणूक!

तेव्हा ब्लूटूथ हवेच असेल तर बाजारात नवा डबा मिळतो, तो आणा. जुन्या यंत्राला आधी डब्यातल्या फिती वाजवू द्या. सगळ्या उतरवून झाल्या, की मग दिव्यांचे बोलू.