विश्लेषण : दुर्गम छावण्यांसाठी फिरत्या कचराभट्ट्या... उपाय की नवी डोकेदुखी?

सीमेवरची चौकी असो, घाटातला रस्तेबांधणीचा तळ असो, डोंगरातल्या यात्रेची तंबूनगरी असो की अंटार्क्टिकातले संशोधन केंद्र. माणसे आली की कचरा येतोच. घंटागाडी मात्र तिथे पोहोचत नाही. अशा ठिकाणी चाकांवरचा किंवा कंटेनरमध्ये बसवलेला इन्सिनरेटर हा सोपा पर्याय म्हणून सुचवला जातो. तो खरेच सोपा आहे का?

फिरता इन्सिनरेटर चालतो कसा?

चांगल्या भट्टीत दोन कक्ष असतात. पहिल्या कक्षात साधारण 800 अंश सेल्सियसला कचरा जळतो. त्यातून निघणारा धूर दुसऱ्या कक्षात जातो आणि तिथे हजार अंशांच्या वर पुन्हा जाळला जातो. हा दुसरा कक्ष महत्त्वाचा. तो नसेल किंवा पुरेसा तापला नसेल, तर भट्टी आणि उकिरड्यावरची आग यांत फारसा फरक उरत नाही. नीट चालवल्यास कचऱ्याचे आकारमान सुमारे एक दशांशावर येते. पण राख उरतेच आणि तिच्यात जड धातू असू शकतात.

उघड्यावर जाळले तर काय बिघडते?

उघड्या आगीचे तापमान कमी-जास्त होते आणि प्लास्टिक अर्धवट जळते. पीव्हीसीसारख्या क्लोरीनयुक्त प्लास्टिकमधून डायॉक्सिन व फ्युरान ही घातक रसायने तयार होतात. इराक आणि अफगाणिस्तानातील अमेरिकी तळांवर वर्षानुवर्षे असा कचरा खड्ड्यांत जाळला गेला. शेजारीच राहणाऱ्या सैनिकांच्या श्वासात तो धूर गेला. अखेर ऑगस्ट 2022 मध्ये अमेरिकेला ‘पॅक्ट’ कायदा करावा लागला. 20 हून अधिक आजारांचा संबंध सैनिकाला स्वतः सिद्ध करावा लागू नये, अशी तरतूद त्यात झाली. कचऱ्यावर वाचवलेला पैसा असा उपचारांवर खर्च होतो.

मग भट्ट्या विकत घेऊन प्रश्न सुटला का?

नाही. अफगाणिस्तानच्या पुनर्उभारणीवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या विशेष महानिरीक्षकांनी 2015 मध्ये याचा हिशेब मांडला. नऊ तळांवर 23 भट्ट्यांसाठी सुमारे आठ कोटी 20 लाख डॉलर खर्च झाले. त्यांपैकी आठ भट्ट्या एकदाही वापरल्या गेल्या नाहीत. नियोजन, आराखडा आणि बांधकाम यांतल्या त्रुटी त्यामागे होत्या. भट्टी उभी आणि कचरा मात्र खड्ड्यातच, असे चित्र काही ठिकाणी होते.

अडचण नेमकी कुठे येते?

पहिली अडचण ओल्या कचऱ्याची. एक किलो पाण्याची वाफ करायला 600 किलोकॅलरीहून अधिक उष्णता लागते. छावणीच्या स्वयंपाकघरातील उरलेला भात, भाज्यांची साले भट्टीत टाकली, तर महागाचे डिझेल पाणी आटवण्यातच संपते. आणि ते डिझेल ट्रकने, काही ठिकाणी हेलिकॉप्टरने आणलेले असते. दुसरी अडचण उंचीची. लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या ठिकाणी हवा समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने विरळ असते. पुण्या-मुंबईत चाचणी झालेली भट्टी तिथे तशीच चालेल, हे गृहीत धरता येत नाही. पंखा आणि बर्नर त्या हवेनुसार जुळवावे लागतात. तिसरी अडचण माणसाची. बॅटऱ्या, स्प्रेचे डबे वेगळे न काढता कचरा टाकला तर स्फोट होऊ शकतो, काच वितळून जाळीत अडकते. भट्टी चालवणाऱ्याला प्रशिक्षण हवे, हातमोजे आणि मास्क हवेत.

अंटार्क्टिकात काय करतात?

तिथले नियम सर्वांत कडक आहेत आणि ते भारतालाही लागू आहेत. अंटार्क्टिक कराराचा पर्यावरणविषयक माद्रिद मसुदा 1991 मध्ये झाला आणि 1998 पासून अमलात आला. त्यानुसार उघड्यावर कचरा जाळणे 1998-99 च्या हंगामाअखेर बंद करायचे होते. जाळण्याजोगा कचरा घातक वायू कमी करणाऱ्या भट्टीतच जाळायचा आणि उरलेली राख खंडाबाहेर न्यायची. पीव्हीसी, बॅटऱ्या जाळायच्या नाहीत, त्या परत न्यायच्या. भारताच्या ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या केंद्रांचा कारभार गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते. म्हणजे ही शिस्त आपल्या यंत्रणांना अपरिचित नाही.

भारतातील नियम काय सांगतात?

जैववैद्यकीय कचऱ्यासाठी 2016 च्या नियमांत दुसऱ्या कक्षाचे तापमान सुमारे 1050 अंश, धूर तिथे किमान दोन सेकंद राहणे आणि 30 मीटर उंच धुराडे अशा अटी आहेत. ट्रेलरवरच्या भट्टीवर एवढे धुराडे बसवणे अवघड. त्यामुळे ‘फिरती भट्टी आणा, छावणीतल्या दवाखान्याच्या सुयाही त्यात टाका’ हा शॉर्टकट नियमांत बसवणे कठीण आहे.

मग करायचे काय?

भट्टीचा विचार सर्वांत शेवटी व्हावा. आधी छावणीत जाणाऱ्या सामानाचे वेष्टन कमी करावे. ओला कचरा वेगळा काढावा. हवामान उबदार असेल तिथे खत करावे. रसद घेऊन आलेला ट्रक रिकामा परततो, त्यातून बाटल्या, डबे आणि बॅटऱ्या खाली आणाव्यात. उरलेल्या कोरड्या, जाळण्याजोग्या कचऱ्यापुरतीच भट्टी असावी, तीही वस्तीपासून दूर आणि वाऱ्याची दिशा पाहून.

निविदेत यंत्राच्या किमतीबरोबर इंधन, चालक, सुटे भाग, धुराची तपासणी आणि राखेची विल्हेवाट यांचाही खर्च धरायला हवा. नाहीतर उद्घाटनाची फीत कापली जाईल, काही महिन्यांत बर्नर बंद पडेल आणि मागच्या खड्ड्यातून पुन्हा धूर निघू लागेल. तो धूर देशासाठी तिथे राहणारा जवान आणि पोटासाठी तिथे गेलेला मजूर घेणार आहे. खरेदीच्या फाइलवर सही करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.