मौन नव्हे, सम्यक वाचा

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी पालघरच्या एका २१ वर्षांच्या तरुणीने फेसबुकवर आपले मत मांडले. तिच्या मैत्रिणीने ते 'लाइक' केले. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवले.

तरीही अनेक पालक मुलींना आजवर एकच धडा देत आले आहेत : "तू काही लिहू नकोस." ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू करणाऱ्या बाबासाहेबांच्या वारसांनी मुलींना मौन शिकवावे काय?

समाजमाध्यमांवर ज्याचा त्याचा स्वभाव प्रकटतो. बुजरा विद्यार्थी तेथे मोकळा होतो, कौतुकाचा भुकेला 'लाइक' मोजत बसतो, तर उतावळा मजकूर न वाचताच पुढे पाठवतो. हा उतावळेपणा क्षुल्लक नाही. एप्रिल २०२० मध्ये आपल्याच जिल्ह्यातील गडचिंचले येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा पसरलेल्या असताना, जमावाने तिघांचा जीव घेतला.

ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. असत्य, चहाडी, कठोर भाषण आणि व्यर्थ बडबड यांपासून दूर राहणे, ही त्यांची सम्यक वाचा होय. तिचा अर्थ मौन नव्हे.

बोईसर-तारापूरच्या कामगार वस्त्यांतून महाविद्यालयात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना म्हणूनच दोन सवयी लावू या : पुढे पाठवण्यापूर्वी पडताळणे आणि पटलेले मत स्वतःच्या शब्दांत निर्भयपणे मांडणे. अशा वेळी पालकांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे.