मदत म्हणायची की सौदा?

३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर जागतिक बँकेचा पैसा आला. लातूर-नांदेडकडे लोक आजही त्याला ‘मदत’ म्हणतात. ते कर्ज होते; सवलतीचे, पण कर्जच. घरे उभी राहिली, हे मान्यच. मात्र कर्जाला मदत म्हटले की अटी कोणी विचारत नाही.

अमेरिकेने १९५४च्या पीएल-४८० कायद्याखाली आपल्याला गहू दिला. तिकडे धान्य उरत होते, त्याला गिऱ्हाईक हवे होते. १९६५-६६च्या दुष्काळात भारताने व्हिएतनाम युद्धावर टीका केली, तर अध्यक्ष जॉन्सन यांनी गहू थोडा थोडा, हात आखडून सोडला.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनला जपानचे कर्ज ०.१ टक्के व्याजाने, ५० वर्षांसाठी. जवळजवळ कर्ज-ए-हसनाच वाटावे! पण २०१५च्या करारात तंत्रज्ञानही जपानचेच ठरले. म्हणजे दिलेल्या पैशातून त्यांच्याच उद्योगाला काम.

मदत नाकारा, असे मी म्हणत नाही. संकटात हात पसरावाच लागतो. वर्गात मुलांना एवढेच सांगतो: रक्कम नंतर पाहा, आधी अटी वाचा. त्या अटी मराठीत आणि उर्दूत जाहीर व्हाव्यात, ही मागणी आपण करायला हवी. कारण फेड या मुलांनाच करायची आहे.