एकादशी आणि ईद

१० जुलै २०२२ आणि २९ जून २०२३ या दोन्ही दिवशी आषाढी एकादशी व बकरी ईद एकत्र आल्या. तेव्हा महाराष्ट्रातील अनेक गावांतील मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी न देण्याचे ठरविले. मुसलमान म्हणजे गठ्ठा मते व ख्रिस्ती म्हणजे धर्मांतर, या राजकीय हिशेबात हा शेजारधर्म कोठेच बसत नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद संतमंडळीत मानले गेले. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. तुकोबांची पालखी देहूतून निघताच अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी विसावते. अपराध्यास शासन अवश्य व्हावे. परंतु त्याच्या अपराधाचा बोल साऱ्या समाजास लावू नये. मत देतानाही हे व्रत पाळावे, असे आम्हांस वाटते.